वेगाचा व्यापार आणि सारथ्याची वाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, तंजावरचे मराठे अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या पंक्तीत 'मोटारशर्यती' हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी 'शर्यत म्हणजे मोटारींचीच ना?' असे दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. तेव्हा प्रथम विषयाच्या निवडीची कैफियत देणे आम्हांस भाग आहे.

पहिले कारण या शहराचे. भारतातील मोटारशर्यतींचे माहेर कोणते असे कोणी विचारले, तर मुंबईचे नाव घेण्याचा मोह आवरून चेन्नईचेच नाव घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील विमानांसाठी बांधलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर येथील हौशी मंडळींनी शर्यती भरविल्या. घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणारी ती पिढी होती. मंडळ चालविणाऱ्यांना तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे शर्यतीचा खास मार्ग बांधला गेला, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आयलंड ग्राउंडभोवतीच्या नेहमीच्या रस्त्यांवर, रात्री दिव्यांच्या झगमगाटात, मोटारी धावल्या. त्या दिवसांत कानांत कापसाचे बोळे घातलेले सभासदही या सभागृहात आहेत, हे आम्ही जाणतो.

दुसरे कारण आमच्या पेशाचे. आमची हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत करारनामे, अटी, पोटकलमे आणि तळटिपा वाचण्यात गेली. मोटारीच्या यंत्राविषयी आम्हांस फारसे गम्य नाही. पण ती यंत्रे ज्या कागदांवर धावतात ते कागद वाचण्याची सवय आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते या खेळाच्या व्यवहाराविषयी, आणि त्या व्यवहारात सारथ्याच्या जिभेवर जी बंधने येतात त्यांविषयी. सरकारी नोकराला या दुसऱ्या गोष्टीत विशेष रस का वाटावा, हे ओघात येईलच.

फॉर्म्युला वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभ १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाला. त्या वर्षी सात शर्यती झाल्या; २०२४ साली चोवीस. आरंभीच्या काळात मोटारीचा रंग तिच्या देशावरून ठरे. इंग्रजांची हिरवी, इटालियनांची तांबडी, फ्रेंचांची निळी, जर्मनांची रुपेरी. खर्च कोण करी? मोटारी बनविणारे कारखानदार, टायरच्या व तेलाच्या कंपन्या, आणि खिशात पैसा खुळखुळणारे सरदार-जमीनदार. एका अर्थाने तो राजाश्रयाचाच काळ होता.

१९६८ साली नियम बदलले. मोटारींवर खेळाबाहेरच्या व्यापाऱ्यांची जाहिरात करण्यास मुभा मिळाली, आणि कॉलिन चॅपमन या चतुर गृहस्थांनी आपल्या लोटस मोटारींचा परंपरागत हिरवा रंग पुसून त्यांना 'गोल्ड लीफ' सिगारेटच्या पाकिटाचे तांबडे, पांढरे आणि सोनेरी रंग दिले. देशाचा रंग गेला, पाकिटाचा आला. पुढे १९७२ पासून याच लोटस मोटारी 'जॉन प्लेअर स्पेशल'च्या काळ्या-सोनेरी वेषात धावू लागल्या आणि त्या इतक्या देखण्या दिसत, की आजही जाणकार त्यांची आठवण हळव्या स्वरात काढतात. तंबाखूवाले या खेळाकडे धावले त्याला कारण होते. ब्रिटनमध्ये दूरदर्शनवर सिगारेटच्या जाहिरातींना १९६५ पासूनच बंदी होती. जाहिरात दाखविता येत नव्हती. पण शर्यत दाखविता येत होती, आणि शर्यतीत मोटार दिसतच होती. नियमातील फट शोधून काढणारी बुद्धी सर्व देशांत सारखीच, असे आमच्या कचेरीतील अनुभवावरूनही वाटते.

प्रत्येक जाहिरात मात्र खपवून घेतली जात नव्हती. १९७६ साली माजी विश्वविजेते जॉन सर्टीझ यांच्या संघाला संततिनियमनाचे साधन बनविणाऱ्या ड्युरेक्स कंपनीने पैसा पुरविला, तेव्हा बीबीसीच्या धुरीणांना ती मोटार पडद्यावर दाखविणे शिष्टाचारास धरून वाटेना आणि त्यांनी चित्रण करण्यास नकार दिला. सिगारेट चालत होती, हे लक्षात घ्यावे. सिगारेटचे प्रस्थही पुढे कायद्याने हटविले. १९९७ साली ब्रिटनमध्ये नव्या मजूर सरकारने तंबाखूच्या पुरस्कारावरील नियोजित बंदीतून या खेळाला सूट द्यावी, आणि त्याच वर्षाच्या आरंभी या खेळाच्या सूत्रधारांनी मजूर पक्षाला दहा लाख पौंडांची देणगी दिली होती हे उघडकीस यावे, यावरून फार गदारोळ झाला. देणगी परत करावी लागली. युरोपात २००५ पासून बंदी कडक झाली. तरीसुद्धा फेरारीच्या तांबड्या अंगावर २०१० पर्यंत काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांची एक नक्षी दिसे. ती मार्लबरोच्या पाकिटाची आठवण करून देते असा आक्षेप आल्यावर ती पुसण्यात आली.

जाहिरातीशिवाय चालवून दाखवू, असा बाणा धरणारेही एक निघाले. लॉर्ड हेस्केथ नावाच्या तरुण इंग्रज उमरावांनी आपली पांढरी मोटार एकाही व्यापाऱ्याचे नाव न लावता धावविली. जेम्स हंट या उमद्या चालकाने १९७५ साली तिच्यावर हॉलंडची शर्यत जिंकलीही. त्याच वर्षाच्या अखेरीस पैसा संपला आणि लॉर्डसाहेबांना हात आखडता घ्यावा लागला.

या चेन्नई शहराने तर हा व्यवहार क्रिकेटच्या मैदानावरही नेला. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर अनेक वर्षे जी तीन इंग्रजी अक्षरे झळकली ती येथील टायर कंपनीची. बॅटीला टायर लागत नाहीत. पण बॅटीकडे कोट्यवधी डोळे लागलेले असतात. फलंदाजाला निदान खेळून झाल्यावर ती बॅट खाली ठेवता येते. मोटारशर्यतीच्या चालकाला मात्र टोपीपासून बुटापर्यंत सर्वांगावर नावे मिरवावी लागतात, आणि कॅमेरा समोर आला की ती नीट दिसतील असे उभे राहावे लागते.

येथे आम्ही निकी लाउडा या ऑस्ट्रियन चालकाविषयी थोडे विस्ताराने सांगणार आहोत. २०१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. या विषयाचे बहुतेक सर्व धागे त्यांच्या चरित्रात गुंतलेले आढळतात.

लाउडा व्हिएन्नाच्या धनिक घराण्यातले. आजोबा मोठे उद्योगपती. नातवाने मोटारी हाकाव्यात हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. नातवाने एका बँकेकडून संघात जागा मिळविण्यापुरती रक्कम पुरस्कारादाखल ठरविली, तर त्या बँकेच्या मंडळावर असलेल्या आजोबांनी तो व्यवहार मोडला. नातू दुसऱ्या बँकेकडे गेला आणि कर्ज काढले. तारण काय? स्वतःचा आयुर्विमा! मोटारशर्यतीच्या चालकाचा आयुर्विमा तारण म्हणून स्वीकारणाऱ्या त्या व्यवस्थापकाच्या धाडसाचे आम्हांस आजही नवल वाटते. आमच्या लेखापरीक्षकांनी त्याची गय केली नसती. या पैशावर लाउडांनी मार्च नावाच्या संघात जागा मिळविली. पैसे मोजून जागा घेणाऱ्या चालकांना या धंद्यात नाके मुरडून हिणविले जाते. त्यांतील एक पुढे तीनदा विश्वविजेता झाला, हे नाक मुरडणाऱ्यांच्या सोयीस्करपणे विस्मरणात जाते.

१ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत न्युर्बर्गरिंगच्या मार्गावर लाउडांच्या मोटारीने पेट घेतला. चेहरा आणि मस्तक भाजले, विषारी धुराने फुप्फुसे निकामी होऊ लागली, धर्मगुरूंनी अंतिम संस्कारही उरकले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी हा माणूस मोंझा येथे शर्यतीला उभा राहिला आणि चौथा आला. भाजलेले मस्तक झाकण्यासाठी ते टोपी वापरू लागले. ती तांबडी टोपी त्यांची ओळख झाली, आणि मग त्या टोपीवरची चार बोटे जागा त्यांनी व्यापाऱ्याला विकली. कितीतरी वर्षे तिच्यावर दूध विकणाऱ्या पार्मालात या इटालियन कंपनीचे नाव होते. पुढे इतरांची आली. आपल्या जखमेवरच्या झाकणाचाही भाव ठरविणे कोणास निष्ठुर वाटेल. आम्हांस त्यात एक प्रकारचा रोखठोकपणा दिसतो. लोक टोपीकडे बघणारच आहेत, तर त्याचे पैसे मालकाला मिळावेत, एवढाच हिशेब.

याच वर्षीची पुढील हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटते. २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमध्ये फुजी येथे शेवटची शर्यत होती. लाउडा तीन गुणांनी आघाडीवर, पाठीमागे जेम्स हंट. मुसळधार पाऊस आणि धुके. दोन फेऱ्यांनंतर लाउडांनी मोटार आत आणली आणि ते उतरले. अशा पावसात धावणे हा त्यांच्या मते वेडेपणा होता. फेरारीचे मुख्य अभियंता फोर्घिएरी यांनी आपुलकीने सुचविले की, यंत्र बिघडले असे जाहीर करू. एका वाक्याने सर्वांची अब्रू राहिली असती. लाउडांनी नकार दिला. मी स्वतःहून थांबलो हेच सांगायचे, असा आग्रह धरला. अजिंक्यपद एका गुणाने गेले. इटालियन वर्तमानपत्रांनी भित्रा म्हणून हिणविले. वार्ताहरांपुढे सोयीचे बोलण्याची संधी कोणी स्वतः होऊन हातात आणून द्यावी आणि ती नाकारावी, असे प्रसंग सार्वजनिक आयुष्यात किती थोडे येतात!

आता या दुकानाचा मालक कोण, ते पाहू. बर्नी एक्लस्टन हे जुन्या मोटारी आणि मोटारसायकली विकून पुढे आलेले लंडनचे व्यापारी. १९७० नंतरच्या काळात त्यांनी ब्रॅबम संघ विकत घेतला. तोवर प्रत्येक संघ प्रत्येक शर्यतीच्या आयोजकाशी स्वतंत्रपणे घासाघीस करी. एक्लस्टन यांनी संघांची मोट बांधली, सर्वांच्या वतीने आयोजकांशी सौदा करू लागले, आणि दूरदर्शनच्या हक्कांत सोन्याची खाण दडली आहे हे इतरांच्या आधी ओळखले. खेळाची नियामक संस्था आणि संघ यांच्यातील लढाई मिटली ती १९८१ च्या करारनाम्याने. नियामक संस्थेची कचेरी पॅरिसच्या 'प्लास द ला कॉन्कॉर्ड' चौकात, म्हणून त्याचे नाव 'कॉन्कॉर्ड करार'. या कराराची गंमत अशी की त्यातील मजकूर गुप्त ठेवलेला असे. कोट्यवधी लोक जो खेळ पाहतात त्याची घटनाच कोणी वाचायची नाही! पुढे नियामक संस्थेने खेळाचे व्यापारी हक्क एक्लस्टन यांच्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिले. मुदत किती म्हणाल, तर २०११ पासून २११० पर्यंत, पुरी शंभर वर्षे. आणि मोबदला ३१ कोटी डॉलरच्या आसपास. जमिनीचे पट्टे आम्ही पुष्कळ पाहिले, पण हा मामला वाचताना चश्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. कारण २०१७ च्या जानेवारीत हाच धंदा अमेरिकेच्या लिबर्टी मीडिया कंपनीने घेतला, तेव्हा कर्जासह त्याची किंमत सुमारे ८०० कोटी डॉलर धरली होती.

भारतालाही या बाजारात एकदा दुकान मांडावेसे वाटले. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून या स्पर्धेत उतरणारा पहिला भारतीय ठरला. पाठीशी टाटांसारखे भारतीय पुरस्कर्ते होते. त्याच वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या भांडणामुळे फक्त सहा मोटारी धावल्या आणि तो चौथा आला. हसणारे हसले, पण त्या दिवशी मार्गावर जे होते त्यांत तो होता. पाठोपाठ चेन्नईचा करुण चंढोक आला. २०११ साली ग्रेटर नोएडा येथील नव्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर भारताची पहिली शर्यत झाली. २०१२ आणि २०१३ मिळून तीन शर्यती. तिन्ही सेबास्तियन फेटेलने जिंकल्या, आणि दुकान बंद झाले. ही मनोरंजनाची बाब की क्रीडेची, यावर करमणूक कर अवलंबून होता, आणि प्रकरण न्यायालयात गेले.

आयकराचा प्रश्न त्याहून रंजक. येथील आयोजकांनी शर्यत भरविण्याच्या हक्कापोटी इंग्लंडमधील कंपनीला चार कोटी डॉलर देण्याचा करार केला होता. ती कंपनी म्हणे, आमची भारतात कचेरी नाही, वर्षातून तीन दिवस येतो, मग कर कसला? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, त्या दिवसांत मार्गाचा ताबा, प्रवेशाचे नियमन आणि हक्कांची वाटणी हे सारे प्रत्यक्षात त्या कंपनीच्याच हाती होते. म्हणून ती जागा तिची येथील स्थायी आस्थापना ठरते आणि उत्पन्न येथे करपात्र आहे. हा निकाल अवश्य वाचावा. फॉर्म्युला वनचे दुकान आतून कसे चालते याचे इतके स्पष्ट वर्णन आम्हांस दुसरीकडे सापडले नाही. पॅरिस-लंडनच्या मंडळींनी झाकून ठेवलेली कलमे दिल्लीच्या न्यायालयात उजेडात आली, याचा एक करदाता म्हणून आम्हांस आनंद वाटतो.

दुकान कळले. आता दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे वळू.

शर्यत रविवारी, तासा-दीड तासाची. पण चालकाचे बोलण्याचे काम गुरुवारपासून सुरू होते. गुरुवारी नियामक संस्थेची अधिकृत पत्रपरिषद, मग दूरदर्शनवाल्यांसाठी आखलेले कुंपण, मग लेखणीवाल्या वार्ताहरांचा घोळका. शनिवारी क्रमनिश्चितीची फेरी झाली की पहिल्या तिघांची पुन्हा पत्रपरिषद. रविवारी सकाळी उघड्या गाडीतून प्रेक्षकांना दर्शन. शर्यत संपताच, घामाने निथळत असताना, मार्गावरच मुलाखत. मग तिघांना एका खोलीत बसवितात, तेथेही कॅमेरा. मग करंडक, टोप्या, शॅम्पेनचे फवारे. मग पुन्हा दूरदर्शन, पुन्हा पत्रपरिषद. जो अर्ध्यातून बाद झाला त्यालाही सुटका नाही. परत आल्यावर त्याने वार्ताहरांना उपलब्ध झाले पाहिजे, असा लेखी नियम आहे. याशिवाय पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांशी हस्तांदोलन, चित्रीकरण, मेजवान्या. मोटारीत बसून सहकाऱ्यांशी केलेले बोलणेसुद्धा बिनतारी यंत्रातून जगाला ऐकविले जाते. आणि चालक बोलत असतो तेव्हा शेजारी संघाचा प्रसिद्धी अधिकारी ध्वनिमुद्रक धरून उभा असतो. हे शेवटचे दृश्य आम्हांस फार ओळखीचे वाटते.

कारण येथेच सरकारी नोकराची आठवण येते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील आठवा नियम वृत्तपत्रांशी संबंधाविषयीचा आणि नववा शासनावरील टीकेविषयीचा. या नियमांच्या छायेत आमचे आयुष्य गेले. (त्याच नियमाला अनुसरून येथे सांगून टाकतो की, आजची मते सर्वस्वी आमची आहेत, शासनाची नव्हेत.) आम्हांला मौन सक्तीचे, तर चालकाला बोलणे सक्तीचे. वरवर पाहता दोन टोके. परंतु न बोलण्याच्या सक्तीत मन निदान आपल्यापाशी राहते. बोलण्याच्या सक्तीत, आणि तेही मालक, पुरस्कर्ता, यंत्र बनविणारी कंपनी व नियामक संस्था यांपैकी कोणीही दुखावले जाणार नाही असे बोलण्याच्या सक्तीत, मन कोठे ठेवायचे? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे ठीक. पण येथे पोळ्या चार जणांच्या आणि टाळ्यांचे ताल निराळे.

या बंधनाविरुद्ध चालकांनी एकदा जे केले ते फार थोड्यांस ठाऊक असेल. जानेवारी १९८२. दक्षिण आफ्रिकेत क्यालामी येथे वर्षाची पहिली शर्यत. चालकांना परवान्याचा, ज्याला सुपर लायसन्स म्हणतात त्याचा, नवा अर्ज सही करण्यास आला होता. बहुतेकांनी न वाचता सह्या केल्या. निवृत्तीनंतर नुकतेच परतलेले लाउडा यांनी अर्ज वाचला. त्यात चालकाला त्याच्या संघाशी बांधून टाकणारे एक कलम होते. आणि दुसरे असे की, खेळाच्या नैतिक वा आर्थिक हितास बाधा येईल असे काही चालकाने करू नये. हे दुसरे कलम वाचताच आमच्यासारख्याच्या तत्काळ ध्यानात येते की, 'हितास बाधा' याचा अर्थ लावणारा मालकच असतो. मार्ग धोक्याचा आहे असे जाहीरपणे सांगणे ही बाधा की सेवा?

लाउडा आणि चालकांच्या संघटनेचे प्रमुख दिदिए पिरोनी यांनी गुरुवारी सकाळी मार्गाच्या दाराशी बस उभी केली आणि येणाऱ्या चालकांना तीत बसविले. बस जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात गेली. जवळजवळ सारे चालक एकाच दिवाणखान्यात, जमिनीवर गाद्या टाकून राहिले. लक्षाधीश तरुण, आणि निजण्याची व्यवस्था लग्नघरातल्या वऱ्हाडासारखी! संघमालक दार ठोठावू लागले, तेव्हा दाराला पियानो लावून ठेवला. रात्री एलिओ द आंजेलिस आणि झील व्हिलन्यव या दोघांनी तोच पियानो वाजवून सर्वांचे मन रमविले. दुसऱ्या दिवशी वाटाघाटी होऊन मंडळी मार्गावर परतली, शनिवारी शर्यत झाली आणि ॲलन प्रॉस्टने ती जिंकली. शर्यत आटोपताच वचने विसरून अधिकाऱ्यांनी शिक्षांचा बडगा उगारला आणि चालकांना दंड झाले. पियानो वाजविणारा व्हिलन्यव त्याच वर्षी ८ मे रोजी बेल्जियममध्ये झोल्डर येथे अपघातात गेला. द आंजेलिस १९८६ साली. खेळाच्या आर्थिक हिताचे रक्षण करणाऱ्या कलमात यांपैकी कशाचाच उल्लेख नव्हता.

त्यांची संघटना त्याच वर्षी मोडली. १९९४ साली इमोला येथे शनिवारी रोलंड रात्झेनबर्गर आणि रविवारी आयर्टन सेना मरण पावले, तेव्हा पुढल्या मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी ती पुन्हा उभी राहिली.

३१ ऑगस्ट २०१९ या दिवसाची गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. बेल्जियममधील स्पा येथे कनिष्ठ गटाच्या शर्यतीत आंत्वान युबेर हा बावीस वर्षांचा फ्रेंच चालक मृत्यू पावला. दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यत ठरल्याप्रमाणे झाली आणि ती शार्ल लक्लेर्कने जिंकली. त्याचा तो पहिलाच विजय, वय एकवीस, फेरारीचा तांबडा वेष. आणि युबेर त्याचा बालपणापासूनचा सवंगडी. विजय त्याने मित्राला अर्पण केला. आणि मग नियमाप्रमाणे तो बोलत राहिला. मार्गावर, कॅमेऱ्यापुढे, पत्रपरिषदेत, पुन्हा कुंपणाशी. तेच प्रश्न, तीच उत्तरे: आनंद झाला का, दुःख किती झाले. आपल्याकडे सुतकात घरच्याला बोलते करू नये असा संकेत आहे. मागे कोणी टोपी सरळ करण्यास सांगितले की नाही आम्हांस ठाऊक नाही, पण टोपीवर नावे होती.

त्याच २०१९ च्या मार्च महिन्यापासून नेटफ्लिक्सवर या खेळाची मालिका सुरू झाली होती. पहिल्या वर्षी फेरारी आणि मर्सिडीज यांनी कॅमेऱ्यांना दार उघडले नाही; मालिका लोकप्रिय होताच तेही सामील झाले. अमेरिकेत ज्यांनी कधी शर्यत पाहिली नव्हती अशी माणसे चालकांची भांडणे पाहून प्रेक्षक झाली. म्हणजे चालकाचा स्वभाव, राग, रुसवा हाच विक्रीचा माल ठरला. मॅक्स फर्स्टॅपन या डच विजेत्याने, स्पर्धा खोटी रंगविली जाते म्हणून, काही काळ तीत भाग घेण्यास नकार दिला. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, त्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर. पण चालकांचे पगार आणि प्रसिद्धीचा खर्च त्या मर्यादेबाहेर ठेवला आहे. मोटारीचा स्क्रू मोजून खरेदी करायचा, मुखवट्याला मर्यादा नाही.

याच फर्स्टॅपनने सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुरुवारच्या अधिकृत पत्रपरिषदेत आपल्या मोटारीविषयी बोलताना एक असभ्य शब्द उच्चारला. पंचांनी त्याला लोकहिताचे काम करण्याची शिक्षा दिली. शनिवारी तो नियमाप्रमाणे पत्रपरिषदेस हजर राहिला आणि प्रत्येक प्रश्नाला एक-दोन शब्दांत उत्तर दिले. मग बाहेर येऊन वार्ताहरांशी मोकळेपणाने बोलला. नियम पाळून नियमाची फजिती करण्याचा इतका स्वच्छ नमुना आम्ही क्वचितच पाहिला आहे, आणि आमच्या खात्यात तशा नमुन्यांची वाण नाही. शिक्षा त्याने डिसेंबरमध्ये रवांडात किगाली येथे नवोदितांसमवेत काम करून भोगली. त्याच हंगामात लक्लेर्कला मेक्सिकोतील एका शब्दासाठी दहा हजार युरोंचा दंड झाला. त्यातील निम्मा तहकूब. हा खेळ चालकाकडून परवान्याचे पैसे गुणांच्या प्रमाणात घेतो. २०२३ साली ५७५ गुण मिळविणाऱ्या फर्स्टॅपनला पुढल्या वर्षीच्या परवान्यापोटी दहा लाख युरोंहून अधिक भरावे लागले. जिंकणाऱ्याने जास्त भरायचे, बोलायचेही जास्त.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चालकांच्या संघटनेने जाहीर पत्र लिहिले. आम्ही प्रौढ माणसे आहोत, आमच्याशी तसे वागा आणि दंडाच्या पैशाचे काय होते ते सांगा, असा त्याचा आशय. बेचाळीस वर्षांपूर्वी पियानो लागला होता, आता पत्र पुरले. पण जानेवारी २०२५ मध्ये नियामक संस्थेने उलट दंडाचे कोष्टकच छापले: पहिल्या अपराधास फॉर्म्युला वनच्या चालकाला चाळीस हजार युरो, तिसऱ्यास एक महिन्याची बंदीही. बराच आरडाओरडा झाल्यावर मे महिन्यात मूळ दंड निम्मा केला आणि पंचांना एक भेद करण्यास सांगितले. पत्रपरिषद हे 'नियंत्रित' वातावरण, तेथे जीभ आवरावी. धावत्या मोटारीतील किंवा शर्यतीच्या ऐन रणधुमाळीतील उद्गार हे 'अनियंत्रित' वातावरणातील, तेथे सबुरी दाखवावी. सरकारी टिपणात शोभेल असे हे वर्गीकरण आहे. शर्यत संपल्यावर, शिरस्त्राण काढता काढता पुढे आलेल्या ध्वनिक्षेपकापाशी यांपैकी कोणते वातावरण असते, ते प्रत्येक वेळी पंचांनाच ठरवावे लागणार आहे.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी मघाशीच सरकविली आहे.  कोणास प्रश्न विचारायचे असल्यास अवश्य विचारावेत. उत्तर देण्याची आमच्यावर सक्ती नाही, तरी देऊ.